शत्रूला नाव देणारी मालिका

शनिवार, ७ एप्रिल १९७९. संध्याकाळी साडेपाच वाजता जपानच्या नागोया टीव्हीवर एक नवी कार्टून मालिका सुरू झाली. जगभर ती पुढे ‘मोबाइल सूट गंडम’ म्हणून ओळखली गेली. तिच्यामागे पैसा होता क्लोव्हर या खेळणी बनवणाऱ्या कंपनीचा आणि कंपनीची अपेक्षा साधी होती. दर आठवड्याला एका अजस्र रोबोटने पडद्यावर यावे, समोरच्या यंत्राचा चुराडा करावा आणि दुसऱ्या दिवशी पोरांनी आईबापांकडे त्याच रोबोटचा हट्ट धरावा. पण मालिकेचा नायक जागचा हलण्याआधीच निवेदकाने प्रेक्षकांना सांगून टाकले की, जेमतेम महिनाभराच्या युद्धात दोन्ही बाजूंची निम्मी माणसे मेली आहेत. समोर बसलेली मुले आठ-दहा वर्षांची होती.

मुलांच्या कार्यक्रमाची अशी सुरुवात जपानमध्येही कुणी पाहिली नव्हती. रोबोटच्या गोष्टी तिथे जुन्या होत्या. मित्सुतेरू योकोयामा यांचे ‘तेत्सुजिन २८’ हे चित्रकथेतले लोखंडी धूड १९५६ मध्येच आले होते. १९७२ च्या डिसेंबरात आलेल्या गो नागाई यांच्या ‘माझिंगर झेड’ने नायकाला थेट रोबोटच्या डोक्यात नेऊन बसवले आणि मग दर हंगामाला असे रोबोट येऊ लागले. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबोट’ लागायचा, तोही मुळात योकोयामांचाच. हातातल्या घड्याळात बोलून रोबोटला हुकूम सोडणारा तो मुलगा त्या पिढीच्या अनेकांना आजही आठवत असेल. या सगळ्या मालिकांतला शत्रू एकाच साच्यातला असे. तो अवकाशातून किंवा पाताळातून येई, त्याला जग जिंकायचे असे आणि शेवटी तो मरे. त्याला गाव नसे, आईबाप नसत, तक्रार नसे. म्हणूनच त्याला मारताना मुलांच्या मनाला काही लागत नसे.

‘गंडम’चे दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांना हा साचा मान्य नव्हता. त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९४१ चा, ओदावारा शहरातला. जपान अमेरिकेविरुद्धच्या युद्धात उतरायला तेव्हा महिनाभर उरला होता. १४ ऑगस्ट १९४५ च्या रात्री, म्हणजे सम्राटांनी रेडिओवरून शरणागती जाहीर करण्याच्या काही तास आधी, अमेरिकन विमानांनी ओदावारावर आगीचे बॉम्ब टाकले. युद्ध संपल्यातच जमा होते, तरी माणसे मेली. तोमिनो तेव्हा चार वर्षांचेही नव्हते. त्यांची पिढी जळालेल्या शहरांत आणि रेशनच्या रांगांत वाढली. १९६४ मध्ये ते ओसामू तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनमध्ये रुजू झाले आणि ‘अॅस्ट्रो बॉय’च्या भागांवर काम करत हा धंदा शिकले. मुशीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९७२ मध्ये सनराइज ही संस्था उभी केली. १९७७ मध्ये सनराइजसाठी तोमिनोंनी ‘झांबोट ३’ केली. तिच्यात रोबोटच्या लढाईने शहर उद्ध्वस्त होते आणि घरे गमावलेले लोक नायकालाच शिव्या घालतात. ‘गंडम’ची वाट तिथून निघाली.

मालिकेचा आराखडा तिघांनी मिळून उभा केला. कथा आणि दिग्दर्शन तोमिनोंचे, यंत्रांची रेखाटने कुनिओ ओकावारा यांची आणि पात्रांचे चेहरे योशिकाझू यासुहिको यांचे. यासुहिको होक्काइदोचे. विद्यार्थी चळवळीत भाग घेतल्याबद्दल हिरोसाकी विद्यापीठाने त्यांना काढून टाकले होते. सत्तेच्या भाषणांकडे संशयाने पाहणे त्यांच्या अंगात मुरलेले होते आणि ते त्यांच्या चित्रांत उतरले. मालिकेतल्या शत्रूपक्षाचे, म्हणजे झिऑनचे, राज्यकर्ते देखणे आहेत, गणवेश झगमगीत आहेत आणि सभेला जमलेला जनसमुदाय पाहताना अंगावर काटा येतो.

विज्ञानाची बाजूही मुलांच्या मालिकेला लाजवणारी नव्हती. अमेरिकेतले भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओनील यांनी १९७४ मध्ये अवकाशातल्या वसाहतींची कल्पना गणितासह मांडली होती. कित्येक किलोमीटर लांबीची नळकांडी स्वतःभोवती फिरत राहतील, त्या फिरण्याने आतल्या माणसांना गुरुत्वाकर्षणासारखा भार जाणवेल आणि नळकांड्याच्या आतल्या अंगाला शेते, नद्या, गावे वसवता येतील. पृथ्वी आणि चंद्र यांच्या ओढीचा तोल जिथे साधला जातो, त्या लाग्रांज बिंदूंपाशी ही वसाहत स्थिर ठेवता येईल. ‘गंडम’ने ही कल्पना जशीच्या तशी उचलली. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’ या कादंबरीत सैनिक यांत्रिक चिलखत घालून लढतात. तिथून रोबोटची कल्पना आली. त्यामुळे इथला रोबोट देवासारखा प्रकट होत नाही. तो रणगाडा किंवा लढाऊ विमान यांच्यासारखेच कारखान्यात तयार झालेले शस्त्र आहे. त्याचे इंधन संपते, गोळ्या संपतात, हात तुटला तर सुटा भाग मागवावा लागतो. एवढ्या प्रगत युगात सैनिक समोरासमोर भिडतात कशासाठी, याचेही उत्तर कथेत आहे. मिनोव्स्की नावाच्या काल्पनिक कणांनी रडार आंधळे होते, लांबवरून क्षेपणास्त्र सोडून उपयोग नाही, म्हणून डोळ्यांना दिसेल इतके जवळ जावे लागते. इतके जवळ गेल्यावर समोरचा माणूस दिसणारच.

युद्धाचे कारणही मुलांना नीट समजावून दिले होते. पृथ्वीवर माणसे मावेनात, तेव्हा निम्म्याहून अधिक लोक अवकाशातल्या वसाहतींत पाठवले गेले. ते तिथे राबले, त्यांच्या मुलांचा जन्म तिथे झाला, पण सत्ता पृथ्वीवरच राहिली. सर्वांत दूरच्या तिसऱ्या वसाहतीने स्वातंत्र्य पुकारले आणि स्वतःला झिऑनचे राज्य म्हणवून घेतले. तक्रार खरी होती. मात्र ती तक्रार झाबी या एका घराण्याच्या हाती गेली आणि त्या घराण्याने एक अख्खी वसाहत पृथ्वीवर पाडून कोट्यवधी निरपराध माणसे मारली. न्याय्य मागणी अत्याचारी माणसांच्या हाती गेली की तिचे काय होते, हे दहा वर्षांच्या मुलाला सांगण्याचे धाडस या मालिकेने केले.

नायक अमुरो रे पंधरा वर्षांचा आहे. त्याच्या गावावर हल्ला होतो, तो हाताला लागलेल्या यंत्रात शिरतो आणि सैनिक होऊन बसतो. ‘व्हाइट बेस’ या जहाजावर त्याच्यासारखीच पळून आलेली पोरे आणि म्हातारी माणसे आहेत. जहाजाचा कप्तान ब्राइट स्वतः एकोणीस वर्षांचा. एका भागात जहाजावरचे मीठ संपते. स्वयंपाकी तामुरा सांगतो की मीठ नसले तर माणसे आजारी पडतील, आणि अवकाशयुगातले ते महाकाय जहाज मिठाच्या शोधात वाळवंट तुडवू लागते. रोबोटच्या मालिकेत मिठावर अर्धा भाग खर्च करणारा दिग्दर्शक युद्ध कशाला म्हणतात हे जाणून होता.

तेराव्या भागात अमुरो आपल्या जुन्या गावी जातो. आई निर्वासितांच्या छावणीत सेवा करते आहे. झडतीसाठी शत्रूचे सैनिक येतात, तेव्हा तो खाटेवर पांघरुणाखाली लपतो आणि पांघरुणातूनच गोळी झाडतो. एक सैनिक कोसळतो. आई मुलाला जवळ घेत नाही. त्या माणसालाही बायकामुले असतील, असे ती म्हणते आणि आपलाच मुलगा तिला परका वाटू लागतो. अमुरोही चुकत नाही. गोळी झाडली नसती तर तो मेला असता. दोघांपैकी कुणाची बाजू घ्यायची, हे मालिका प्रेक्षकावर सोडते.

शत्रूची माणसे तर एकेक करून आपल्या ओळखीची होत जातात. गार्मा झाबी मरतो तेव्हा त्याच्यावर प्रेम करणारी मुलगी सूडाने पेटते. त्याचा थोरला भाऊ गिहरेन त्या अंत्यविधीचेच भाषण करून जनतेला नव्या युद्धाला उभे करतो आणि म्हातारा बाप फक्त आपला मुलगा गेला म्हणून बसून राहतो. राम्बा राल हा झिऑनचा मुरलेला सैनिक वाळवंटातल्या खानावळीत अमुरोला भेटतो. त्याच्यासोबतची हामोन हे पोरगे उपाशी दिसते म्हणून त्याला जेवू घालायला निघते. दोघांना एकमेकांची खरी ओळख पटते तेव्हाही राल त्याला जाऊ देतो. पुढच्याच लढाईत ते एकमेकांच्या जिवावर उठतात. पंधराव्या भागात कुकुरुझ डोआन येतो. तोही झिऑनचा. ज्यांचे आईबाप युद्धात मारले गेले त्या मुलांना घेऊन तो सैन्यातून पळाला आहे आणि एका बेटावर त्यांचा सांभाळ करतो आहे. आपल्याच सैन्यापासून त्यांना वाचवताना त्याला आपल्याच माणसांशी लढावे लागते.

आणि लालाह. सावळी, कपाळावर टिकली असलेली ही मुलगी भारतीय वळणाची आहे. पावसात आडोसा शोधत अमुरो तळ्याकाठच्या एका घरापाशी येतो, तिथे ती एका मरणाऱ्या पक्ष्याकडे पाहत असते. दोघांमध्ये काहीतरी जुळते, पण ती शत्रूच्या बाजूची आहे. पुढे रणात ती शार या झिऑनच्या सेनानीला वाचवायला मध्ये येते आणि अमुरोच्याच हातून मरते. मरताना तिचे मन त्याच्या मनाशी बोलते आणि माणसाला माणूस किती पूर्णपणे कळू शकतो, हे त्याला तिचा जीव घेतल्यावर समजते. ज्या मालिकेला खेळणी विकायची होती, तिचा कळस हा होता.

खेळणी विकली गेली नाहीत. ज्या लहान मुलांसाठी क्लोव्हरने पैसे ओतले होते त्यांना गोष्ट जड जात होती. कंपनीच्या आग्रहाने रोबोटला लाल, निळा, पिवळा असे भडक रंग दिले, जोडायला नवी यंत्रे कथेत घुसवली, तरीही गणित जमेना. ५२ भागांची ठरलेली मालिका ४३ वर आटोपण्याचा निर्णय झाला. कामाच्या ताणाने यासुहिको आजारी पडून रुग्णालयात दाखल झाले आणि अखेरचे भाग त्यांच्यावाचून पूर्ण करावे लागले. २६ जानेवारी १९८० रोजी शेवटचा भाग दाखवला गेला. त्यात गंडमचे डोके उडते, हात तुटतो आणि अमुरो ते यंत्र तिथेच टाकून मित्रांच्या होडीकडे परततो. विजयाचा जयजयकार होत नाही. जिवंत उरलेली पोरे एकमेकांना ओळखतात, एवढेच.

इथून पुढचा इतिहास प्रेक्षकांनी घडवला. शाळेच्या वरच्या वर्गांतली आणि महाविद्यालयातली मुले-मुली ही मालिका मन लावून पाहत होती, पण ती खेळणी विकत घेणारी नव्हती, म्हणून कुणी त्यांना मोजलेच नव्हते. त्यांनी मंडळे काढली, हाताने लिहिलेले अंक काढले, पात्रांच्या स्वभावावर वाद घातले. पुनःप्रक्षेपण सुरू झाले तसे प्रेक्षक वाढत गेले. जुलै १९८० मध्ये बांडाई कंपनीने गंडमचा पहिला प्लॅस्टिकचा संच बाजारात आणला. मूळ यंत्राच्या १४४ पट लहान, किंमत ३०० येन. चौकटीतून सुटे भाग कापायचे, डिंकाने चिकटवायचे, घासायचे, रंगवायचे. खेळायला तयार मिळणाऱ्या वस्तूपेक्षा आपल्या हाताने उभ्या केलेल्या वस्तूवर मुलांचा जीव जडला. दुकानांपुढे पहाटेपासून रांगा लागल्या. गंडमइतकाच झाकू हा झिऑनचा हिरवा रोबोटही लोकांना हवा होता. शत्रूचे यंत्र मुले आवडीने घरी नेत होती.

२२ फेब्रुवारी १९८१ रोजी तोक्योच्या शिंजुकू स्थानकाबाहेर तरुणांची प्रचंड गर्दी जमली. ‘गंडम’चा पहिला चित्रपट येणार होता आणि त्यानिमित्ताने सभा ठेवली होती. गर्दी रेटू लागली तेव्हा तोमिनो स्वतः पुढे झाले. इथे एक जरी अपघात झाला तरी लोक म्हणतील की कार्टून पाहणारी पोरे अशीच, म्हणून शिस्त पाळा, असे त्यांनी बजावले. मुलांनी ऐकले. तरुणांच्या वतीने एक जाहीरनामा वाचला गेला. ही आमच्या पिढीची कला आहे, तिला पोरखेळ म्हणू नका, असा त्याचा आशय होता. मार्च १९८१, जुलै १९८१ आणि मार्च १९८२ अशा तीन चित्रपटांत मालिका पुन्हा आली आणि चित्रपटगृहे भरली. क्लोव्हरचे मात्र १९८३ मध्ये दिवाळे निघाले. ‘गंडम’ पुढे चालतच राहिली. २००९ मध्ये तोक्योच्या ओदाइबा भागात अठरा मीटर उंच गंडम उभा राहिला आणि तो पाहायला लोटलेल्या गर्दीत आजोबा आणि नातू एकत्र होते.

या यशात एक खोल विसंगती आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. युद्ध वाईट असे सांगणारी गोष्ट शस्त्रांच्या प्रतिकृतींवर जगली. किती मुलांनी गोष्टीतले दुःख घेतले आणि किती जणांनी फक्त यंत्र घेतले, हे कुणी सांगू शकणार नाही. तरीही एक गोष्ट पक्की आहे. बॉम्बच्या आगीत बालपण गेलेल्या माणसाने पुढच्या पिढीला सूड शिकवला नाही. ज्यांनी आपले शहर जाळले त्यांचे राक्षस केले नाहीत आणि आपल्या देशाने इतरांवर लादलेले युद्धही धुऊन काढले नाही. त्याने दोन्हीकडच्या माणसांना नावे दिली.

मराठवाड्यात बसून हा इतिहास वाचताना आपला १९४८ आठवल्यावाचून राहत नाही. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता, जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी याच लातुरात वकिली करत होता. नांदेड जिल्ह्यात अर्जापूरला १९४६ मध्ये स्वातंत्र्यसैनिक गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली सीमेवरच्या छावण्यांतून लढा चालला, ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीच्या सरकारी बँकेवर स्वातंत्र्यसैनिकांनी छापा घातला. रझाकारांनी गावेच्या गावे लुटली, जाळली, माणसे कापली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. लढा न्याय्य होता. त्यात प्राण दिलेल्यांचे ऋण आपल्यावर आहे आणि दर १७ सप्टेंबरला आपण त्यांना वंदन करतो, ते योग्यच आहे.

पण त्यानंतरच्या आठवड्यांत काय घडले, हे शाळेतल्या भाषणात येत नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने त्याच वर्षाच्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात फिरून अहवाल दिला. कारवाईच्या काळात आणि नंतर सबंध संस्थानात किमान २७ हजार ते ४० हजार माणसे मारली गेली, असा समितीचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांतच हा आकडा अठरा हजारांच्या खाली नाही, असे त्यात नोंदले आहे. मेलेले बहुतेक मुसलमान होते आणि त्यांतले कितीतरी रझाकार नव्हतेच. हा अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. हिंदू विणकरांनी आपल्यासारख्याच मुसलमान विणकरांना हल्लेखोर हिंदूंपासून वाचवले आणि त्यासाठी काही ठिकाणी स्वतःचे प्राण दिले.

डोआनची काल्पनिक गोष्ट जपानी मुलांनी १९७९ मध्ये पाहिली आणि २०२२ मध्ये तिच्यावर वेगळा चित्रपटही निघाला. आपल्या विणकरांची गोष्ट खरी आहे, आपल्याच मातीत घडली आहे, आणि ती आपल्या मुलांना ठाऊक नाही. अनंत भालेराव यांच्या ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ या ग्रंथात लढ्याचा इतिहास मोठ्यांसाठी आहे. मुलांसाठी मात्र आपण फक्त हुतात्म्यांची नावे आणि तारखा ठेवल्या. तारखा पाठ होतात आणि परीक्षेनंतर विसरल्या जातात. मनात राहतो तो माणूस. दारात आलेल्या शेजाऱ्याला लपवणारा, मिठावाचून दिवस काढणारा, गोळी झाडावी की नाही या पेचात सापडलेला.

आज नांदेड-लातूरची मुले मोबाइलवर जपानी मालिका पाहतात. शिकवणीवर्गांसाठी खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांच्या खोल्यांत रात्री अभ्यास संपल्यावर हेच चालू असते. त्यांना आवरण्यात शक्ती घालवू नये. गुंतागुंतीची, दोन बाजूंची, सहज न्याय न देता येणारी गोष्ट ही मुले समजू शकतात, याचा हा पुरावा आहे. जपानमध्ये खेळण्यांच्या कंपनीने मुलांची समज कमी लेखली आणि ती चूक ठरली. आपण तरी ती चूक करू नये. मराठवाड्याचा मुक्तिसंग्राम चित्रकथेत, मालिकेत, शाळेच्या नाटकात पुन्हा सांगायला हवा. पानसरेंचे बलिदान त्यात असावे, रझाकारांचे अत्याचार असावेत, फौजा आल्यावर मारल्या गेलेल्या निरपराधांची नावे असावीत आणि ते विणकरही असावेत. चित्रे काढणारे हात नांदेडात आहेत, आठवणी सांगणारी घरे गावोगावी आहेत. त्या काळाचे साक्षीदार मात्र आता थोडेच उरले आहेत, म्हणून हे काम याच पिढीने हाती घ्यायला हवे.